डावीकडचा रकाना

स्मरणिकेसाठी लेख पाठवावा असे संपादक मंडळाचे पत्र आले. शाळेच्या स्थापनेचा खडतर काळ, संस्थेच्या धुरिणांचे कष्ट, वसतिगृहातील शिस्त आणि येथून बाहेर पडून नावारूपास आलेली मंडळी यांविषयी अधिकाराने लिहू शकणारे पुष्कळ आहेत. म्हणून मी माझ्यापुरता एक लहान विषय निवडला. तो म्हणजे हिवाळ्यातील रविवारची पक्षिनिरीक्षणे. १९७९ ते १९८४ ही पाच वर्षे मी वसतिगृहात काढली. त्या काळात घोकलेले बीजगणित आता बरेचसे विसरलो आहे. परंतु पाण्यावरून उठणारा थवा चक्रांग बदकांचा की तलवार बदकांचा, हे आजही दुर्बिणीवाचून सांगू शकतो.

बाहेरगावच्या वाचकांसाठी आपल्या भागाविषयी थोडे सांगितले पाहिजे. त्या वेळी आपण भंडारा जिल्ह्यात होतो. गोंदिया जिल्हा १९९९ मध्ये वेगळा झाला. हा सारा मुलूख तलावांचा. कोहळी समाजातील जाणत्या माणसांनी जमिनीचा उतार नेमका हेरून, मातीच्या पाळी घालून हे तलाव शतकांपूर्वी उभे केले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपुष्टात आली आणि तलाव शासनाकडे गेले. कागदोपत्री ते ‘माजी मालगुजारी तलाव’ म्हणून राहिले आणि कचेरीच्या बोलीत त्यांचे ‘मामा तलाव’ झाले. हे पाणी कडेला उथळ असते. त्यात कमळे, देवधान आणि नाना पाणवनस्पती वाढतात. तलवार, चक्रांग, थापट्या अशी जी बदके बुडी न मारता केवळ डोके पाण्यात खुपसून चरतात, त्यांना अशीच उथळ कड हवी असते. खोल धरणाच्या मध्यावर त्यांची उपासमारच व्हायची. शिवाय धान कापल्यानंतर बांध्यांतील ओलीवर लाखोरी उभी राहते. दिवसा विश्रांतीला पाणी आणि रात्री चरायला शेत, अशी सोय दूरदेशीच्या पाहुण्यांना आणखी कोठे मिळणार?

आमचे विज्ञानाचे सर नागपूरकडचे. पक्ष्यांचा नाद त्यांना कोठून लागला हे त्यांनी कधी सांगितले नाही. ग्रंथालयात डॉ. सालिम अली यांच्या ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्स’ची एक प्रत होती. मूळ पुस्तक १९४१ चे. आमची प्रत पुष्कळ नंतरची, तरीही पाने सुटलेली. दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली की पहिल्याच रविवारी, सकाळची वंदना आटोपताच, सर वसतिगृहाच्या ओट्यावर येऊन उभे राहत. ज्याला यायचे त्याने यावे; सक्ती नसे. पहिल्या खेपेस आम्ही पांढऱ्या सदऱ्यांत निघालो आणि पाळीवर डोकी दिसताच सारा तलाव उडून गेला. पुढच्या रविवारपासून सर्वांनी वसतिगृहाची राखाडी ब्लँकेटे पांघरून यावे, असा नियम झाला. विदर्भात गोंदियाकडची थंडी कडक म्हणून प्रसिद्धच आहे. त्यामुळे हा नियम मोडावा असे कोणास वाटले नाही. सूर्य पाठीशी घेऊन, पाळीच्या अलीकडे ओळीने उकिडवे बसलेले आम्ही पस्तीस विद्यार्थी दुरून मातीच्या ढेकळांसारखे दिसत असू. दुर्बीण एकच. ती हातोहात फिरे आणि प्रत्येकास मनात वीस अंक मोजेपर्यंत मिळे. वीस अंकांत काय पाहायचे हे आधीच ठरवून ठेवावे लागे : चोच, शेपूट, की पंखावरचा पट्टा. आज माझ्याकडे चांगली दुर्बीण आहे आणि हवा तितका वेळ आहे, तरी डोळे अजून विसाच्या हिशेबानेच पाहतात.

थवा मोजण्याची रीतही तेथेच शिकलो. आधी दहा पक्षी नीट मोजायचे, त्या दहांनी पाण्यावर किती जागा व्यापली ते नजरेत धरायचे आणि तेवढी जागा थव्यावर किती वेळा बसते ते पाहायचे. तिघांनी वेगवेगळे मोजायचे आणि मधला आकडा लिहायचा.

हे आकडे ज्यात लिहिले जात, त्या रजिस्टरासाठीच खरे तर हा लेख आहे. सरांनी प्रयोगशाळेतील एक जाड रजिस्टर घेऊन त्यात रकाने आखले : दिनांक, ठिकाण, संख्या. पक्ष्याच्या नावासाठी मात्र रकाने दोन. डावीकडे ‘घरचे नाव’, उजवीकडे ‘पुस्तकातील नाव’. आणि डावा रकाना भरल्याशिवाय उजवा भरायचा नाही, अशी त्यांची ताकीद.

ही गोष्ट आज क्षुल्लक वाटेल. परंतु आमच्यापैकी बहुतेकांच्या घरी शाळेची पायरी चढणारी ती पहिलीच पिढी होती. घरची बोली ही शाळेच्या दारात पायताणांबरोबर काढून ठेवायची वस्तू, हे कोणी न सांगताच आम्ही शिकलो होतो. ‘मी जाऊन राहिलो’ असे वर्गात निघून गेले की हशा व्हायचा, आणि हसणारेही आमच्यातलेच असायचे. आईवडिलांना जे ठाऊक होते ते ज्ञान नव्हे, असा समज पक्का होत चालला होता. अशा वेळी शाळेच्या अधिकृत रजिस्टरात, शाईने, पहिल्या मानाच्या जागी, आजीच्या तोंडचा शब्द लिहायचा होता.

आरंभी डावा रकाना भरेना. मुले लाजत. एके दिवशी बांधीत उभा असलेला, मळकट पांढरा, चोचीत फट असलेला मोठा पक्षी सरांनी दाखविला आणि विचारले, “याला घरी काय म्हणता?” मागून आवाज आला, “घोंगल्याफोडा आहे जी तो.” बोलणारा माझ्याच वर्गातील ढीवर मुलगा. वर्गात तो सहसा तोंड उघडत नसे. गणितात नापास ठरलेला. सरांनी त्याला पुढे बोलाविले. हा पक्षी चिखलातील घोंगल्या कशा शोधतो, कवच न चेपता आतला जीव कसा ओढून काढतो आणि खाल्लेल्या घोंगल्यांचा ढीग कोठे सापडतो, हे त्याने त्याच्या बोलीत सांगितले. पुस्तकात त्या पक्ष्यासाठी मुग्धबलाक असे सुंदर नाव आहे. पण ‘मुग्धबलाक’ ऐकून पक्षी काय खातो ते कळत नाही. ‘घोंगल्याफोडा’ म्हटले की त्याचा अर्धा संसार डोळ्यांपुढे येतो.

त्यानंतर रकाना भरत गेला. पाणबुडी, किलकिला, परीट, चास, अडई. कपाळावर पांढरा टिळा असलेल्या काळ्या पाणपक्ष्याला वारकरी. रजिस्टराची बारा-तेरा पाने झाल्यावर एका चौकस मुलाच्या ध्यानात एक गोष्ट आली आणि त्याने ती सर्वांदेखत विचारली : “सर, परीट झाला, धीवर झाला, कोतवाल झाला, आता हे ब्राह्मणी बदक. पक्ष्यांतसुद्धा जाती आहेत का?” आपल्या शाळेत हा प्रश्न नुसता गमतीचा असू शकत नव्हता. सर थोडा वेळ थांबले आणि म्हणाले, “पक्ष्यांनी आपली नावे ठेवलेली नाहीत. ठेवणाऱ्यांच्या मनात जे होते ते नावात आले.” मग त्यांनी पाण्याकडे बोट दाखविले. चिखलाच्या एकाच पट्टीवर भगव्या रंगाची ती जोडी उभी होती आणि तिच्या पायांजवळ परीट शेपटी हलवीत किडे टिपत होता. त्या बदकाला चक्रवाक असेही जुने नाव आहे, हे सरांनी सांगितले; घरचे नाव चकवा. आमच्या रजिस्टरात उजव्या रकान्यात चक्रवाक लिहिले गेले. ठराव वगैरे काही झाला नाही. लिहिणाऱ्याने तसे लिहिले आणि कोणी खोडले नाही.

दुसरा प्रसंग भोजनगृहातील चित्राचा. जखमी हंसाला उराशी धरलेला बाल सिद्धार्थ आणि समोर धनुष्य घेतलेला देवदत्त. ते चित्र आपणा सर्वांच्या डोळ्यांपुढे असेल. त्यातील हंस पांढराशुभ्र, लांब वळणदार मानेचा. तसला हंस आपल्या तलावांवर येत नाही. प्राचीन भारतीय साहित्यातील हंस म्हणजे बहुधा पट्टकादंब, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. हा राखाडी रंगाचा, पांढऱ्या डोक्यावर मागील बाजूस दोन काळे पट्टे असलेला पक्षी. तिबेट आणि मंगोलियाकडील सरोवरांवर त्यांची वीण होते आणि हिमालय ओलांडून ते हिवाळ्यात आपल्याकडे उतरतात. पाठीवर उपग्रहयंत्रे बसवून अलीकडे जे अभ्यास झाले, त्यांत हे पक्षी सात हजार मीटरहून अधिक उंचीवर उडताना नोंदले गेले आहेत.

आमच्या वेळी ही यंत्रे नव्हती. १९८२ च्या जानेवारीत शाळेची सहल नवेगावबांधला गेली. कोलू पाटील कोहळी यांनी बांधविला असे सांगितला जाणारा तो विशाल तलाव, भोवती सात बहिणींचे डोंगर. १९७५ मध्ये तेथे राष्ट्रीय उद्यान झाले. वनाधिकारी म्हणून तेथे राहिलेल्या मारुती चितमपल्ली यांनी त्या पाण्याला आणि जंगलाला मराठी साहित्यात कायमची जागा मिळवून दिली. पुढे २००६ च्या सोलापूर साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, तेव्हा आम्हा तलावकाठच्या लोकांना घरचाच सन्मान झाल्यासारखे वाटले. त्या पहाटे धुके होते. पाणी दिसत नव्हते. वरून घोगरे, नाकातून आल्यासारखे आवाज येऊ लागले. रात्रभर शेतांत चरलेले पट्टकादंब परतत होते. एकेक रांग धुक्यातून खाली येई, पाय पुढे टाकी आणि पाण्याचा सपकन आवाज होई. कोणीतरी हळूच विचारले, “सर, देवदत्ताने मारला तो हाच?” सरांनी नुसती मान हलविली. त्या दिवशी दुर्बिणीसाठी कोणी हात पुढे केला नाही.

हे पक्षी लाखोरीच्या आणि हरभऱ्याच्या कोवळ्या पिकात उतरतात, हेही सांगितले पाहिजे. आमच्यातील शेतकऱ्यांच्या मुलांना त्यांचे कौतुक जरा कमीच होते, आणि ते रास्त होते. रात्री पिकाची राखण करणाऱ्या बापाच्या मुलाला पक्षिप्रेमाचे व्याख्यान देऊ नये, एवढे तारतम्य सरांपाशी होते.

सारसांची गोष्ट निराळी. ते स्थलांतर करीत नाहीत. बारा महिने आपल्याच बांध्यांतून वावरतात. माणसाएवढी उंची, लाल मान, आणि नर-मादीने मिळून दिलेली ती साद. पावसाळ्यात धानाच्या बांधीत घरटे केले तर तेवढा तुकडा न चिखलता सोडून देणारे शेतकरी आपल्या भागात होते आणि आजही आहेत. परंतु सारस आता महाराष्ट्रात मोजकेच उरले आणि त्यांतील बहुतेक गोंदिया जिल्ह्यात. शेतातील विषारी फवारण्या, विजेच्या तारा, आटत चाललेल्या बोड्या ही कारणे सर्वज्ञात आहेत. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठालाही या प्रश्नाची दखल घ्यावी लागली. आमच्या रजिस्टरात १९८१ च्या डिसेंबरात शाळेमागील बोडीवर ‘सारस, २, सोबत पिल्लू १’ अशी नोंद आहे. ती बोडी आज बुजली आहे. तेथे बेशरमाचे रान आहे.

ज्याने डावा रकाना उघडून दिला, तो मुलगा मात्र नववीतच शाळा सोडून गेला. वडील अंथरुणाला खिळले आणि घरी जाळे ओढणारे दुसरे कोणी नव्हते. सर दोनदा त्याच्या घरी जाऊन आले. वसतिगृहाची पेटी न्यायला तो आला, तेव्हा त्याने रजिस्टर मागून घेतले, उभ्या-उभ्याच पाने चाळली आणि दोन ठिकाणी शब्दांची दुरुस्ती करून परत दिले. रजिस्टराच्या एकूण नोंदींपैकी निम्म्याहून अधिक घरची नावे त्याची आहेत. परीक्षेच्या निकालपत्रकात यांतले काही येत नाही.

गेल्या जानेवारीत मी शाळेत गेलो होतो. राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळला जाऊ लागल्यापासून आपल्या शाळेतील फेऱ्या पुन्हा नियमित झाल्या आहेत, आणि आता मुलीही येतात. ब्लँकेटांऐवजी मातकट स्वेटर असतात. जुने रजिस्टर कपाटात आहे. नव्या वहीतही दोन रकाने आहेत, हे पाहून बरे वाटले. मुलांना घेऊन आम्ही मोठ्या तलावावर गेलो. तलाव मच्छीमार सहकारी संस्थेकडे आहे आणि संस्थेचा कारभार तोच पाहतो. केस पिकले आहेत, बोलणे अजूनही मोजके. पट्टकादंब उतरतात त्या पूर्वेकडच्या कोपऱ्यात ते परत जाईपर्यंत जाळे टाकायचे नाही, असे त्याने सभासदांकडून कबूल करून घेतले आहे. त्याचे म्हणणे असे की, पक्षी बसतात तेथे पाण्याला खत मिळते आणि मासोळी चांगली होते. सभासदांना पटले ते हेच कारण.

मुलांनी मोजणी केली. मग तो आणि मी, दोघांनी वेगवेगळे मोजले. मला पंचवीस मिळाले, त्याला सत्तावीस. दोन पक्षी देवधानाच्या आड मान खाली घालून बसलेले होते. वहीत सत्तावीस लिहिले.