सरत्या थंडीत चोर्ला घाट

बेळगावहून चोर्ला घाटाकडे हौसेने जाणारी मंडळी बहुधा पावसाळ्यात निघतात. धबधबे, धुके, गाडीच्या काचेवरचे पाणी आणि परत येताना भाजलेली कणसे. त्यात वाईट काही नाही, पण पावसाळ्यात घाट दिसतो कुठे? माझे मत विचाराल तर हा रस्ता करावा माघ सरताना, फाल्गुन लागताना. झाडी मोकळी असते, गर्दी नसते आणि त्या दिवसांत इथले हवामान डोळ्यांना दिसते.

बेळगाव शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे. फेब्रुवारीत इथला दिवसाचा पारा सरासरी ३२ अंशांच्या आसपास आणि रात्रीचा १६ च्या आसपास. म्हणजे एकाच दिवसात स्वेटरही हवा आणि टोपीही. पहाटे निघालात तर जांबोटीच्या अलीकडे, रस्ता जिथे सखल भागात उतरतो तिथे, एकदम गार लागते. चढ चढलो की तोच गारठा कमी होतो. मुलांना याचे नवल वाटते, कारण ‘जितके उंच तितके थंड’ असे ती शाळेत शिकलेली असतात. पण निरभ्र रात्री जमीन लवकर निवते, तिला लागून असलेली हवा जड होते आणि पाण्यासारखी उताराने वाहत खोलगट जागी साठते. म्हणून पहाटेचे धुके दरीत आणि कोवळे ऊन माथ्यावर. आमच्या घरी या धुक्याला आजोळच्या बाजूने ‘मंजु’ म्हणतात आणि दवाला ‘इब्बनी’. बेळगावातल्या मुलाला दोन्ही भाषांतले शब्द येतात, फक्त हवा एकच असते.

कणकुंबीला मलप्रभेचा उगम आहे. देवळाजवळच्या कुंडातून निघालेले हे पाणी पूर्वेला वळते, सौंदत्तीजवळ नविलुतीर्थाच्या धरणात साठते, हुबळी-धारवाडच्या नळांना जाते आणि शेवटी कूडलसंगमला कृष्णेला मिळते. तिथून थोड्याच अंतरावरचे ओढे मात्र पश्चिमेला धावतात आणि म्हादई होऊन, पुढे मांडवी होऊन, पणजीला समुद्रात जातात. या पाण्यावरून तीन राज्यांत जे चालले आहे त्यात मी शिरत नाही. त्यासाठी वर्तमानपत्राची पहिली पाने आहेत. मला सांगायचे आहे ते एवढेच, की ज्या डोंगरधारेवर पाणी दुभंगते त्याच धारेवर वारेही एकमेकांना भेटतात.

भूगोलाच्या पुस्तकातले खारे वारे आणि मतलई वारे आठवतात ना? ते पाठ करण्यापेक्षा चोर्ल्याच्या कड्यावर सकाळी सातपासून दुपारी दोनपर्यंत बसावे. सकाळी वारा पाठीकडून, म्हणजे देशावरून येतो. कोरडा, गार, धुळीचा थोडा वास असलेला. आमच्या घरात त्याला ‘मूडण गाळि’ म्हणतात, उगवतीचा वारा. समोर गोव्याच्या बाजूला अंजुणे धरणाचे पाणी धुक्याखाली झाकलेले असते. दहाच्या सुमारास ते धुके विरते. दुपारी कधीतरी पाठीवरचा वारा पडतो, पाने स्तब्ध होतात आणि मग तोंडावर दमट झुळूक येते. समुद्र घाट चढून वर आलेला असतो.

हा बदल किती वाजता होतो यावर खालच्या माणसांचा दिवस ठरतो. देशावरचा वारा जोरात असला तर तो समुद्राच्या वाऱ्याला अडवून धरतो. शिवाय घाट उतरताना ही हवा दाबली जाऊन आणखी तापते. म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये घाटमाथ्यावर सकाळ छान गार असताना खाली साखळी-वाळपईला दुपारी अंगाची लाही होते. सासर एकीकडे आणि माहेर दुसरीकडे असलेल्या बायकांना हे कोणी समजावून सांगायला नको.

आपल्याकडे कन्नडमध्ये म्हणतात की शिवरात्रीला चळि ‘शिव शिव’ म्हणत निघून जाते. मराठी घरांतही हेच ऐकायला मिळते. शिवरात्र चंद्राच्या हिशेबाने मागेपुढे होते, २०२३ मध्ये ती १८ फेब्रुवारीला आली आणि २०२४ मध्ये ८ मार्चला. तेव्हा म्हण काटेकोर कधीच नव्हती. पण आता थंडी शिवरात्रीची वाटही पाहत नाही असे दिसते. हवामान खात्याच्या १९०१ पासूनच्या नोंदींत देशाचे सरासरी कमाल तापमान सर्वाधिक असलेला फेब्रुवारी ठरला तो २०२३ चा. रात्रंदिवसाची सरासरी धरली तर त्याच्याही वर गेला २०२५ चा. त्या वर्षी शिवरात्र २६ फेब्रुवारीला होती आणि त्याच आठवड्यात गोवा-कोकणासाठी उष्णतेच्या लाटेचा इशारा निघाला होता. खात्याच्याच कोष्टकात जानेवारी-फेब्रुवारी हे हिवाळ्याचे महिने आहेत!

हे आकडे बागेत काय करतात ते जांबोटीच्या चहाच्या टपरीवर कळते. मागच्या फेरीत तिथे एक काजूवाले काका भेटले. मी सहज विचारले, “काका, मोहोर कसा आहे यंदा?” ते म्हणाले, “मोहोर आहे हो, पण आभाळ बघा की. ह्या मोबाईलवर निरभ्र म्हणून येतंय आणि इथं दहापर्यंत ऊन नाही.” त्यांची भीती खरी होती. मोहोर आलेला असताना ढगाळ, दमट हवा राहिली की काजूवर ढेकण्या वाढतो आणि कोवळे शेंडे, मोहोर करपतात. आंब्यावर तुडतुडे आणि भुरी. आंब्याला मोहोर येण्यासाठी रात्री गार हव्यात, पण फळ धरल्यावर थंडी पुन्हा परतली तर झाड पुन्हा मोहोरते आणि आधीची बारकी फळे गाळून टाकते. थंडी कमी पडून नुकसान, उशिरा जास्त पडूनही नुकसान. फवारणी आज करायची की चार दिवसांनी, हा प्रश्न काकांना दर सकाळी पडतो, आणि एक फवारणी चुकीच्या वेळी झाली तर पैसा गेलाच.

मोबाईलला दोष देऊन उपयोग नाही. हवामान खाते आपले काम करते. महिनाअखेरीस पुढच्या महिन्याचा अंदाज, आठवड्यातून दोनदा शेतकऱ्यांसाठी सल्ला, सगळे नेमाने येते. अडचण आपल्या जिल्ह्याची आहे. एका टोकाला कणकुंबी, जिथे पावसाळ्यात छत्री टिकत नाही, आणि दुसऱ्या टोकाला अथणी, जिथे पावसाची वाट पाहण्यात वर्षे जातात. या दोघांना मिळून ‘बेळगाव जिल्हा’ म्हणून एक अंदाज. तो अथणीला लागू पडला तर कणकुंबीला पडेलच असे नाही. घाटमाथ्यावर चार-दोन ठिकाणी नोंद घेणारी यंत्रे आणि त्यावरून निघणारा तालुक्याचा नव्हे, घाटपट्ट्याचा वेगळा अंदाज, एवढे मिळाले तर काकांची एक तरी फवारणी वाचेल.

आणखी एक गोष्ट याच वाऱ्यांवर अवलंबून आहे, ती म्हणजे वणवा. मार्च २०२३ च्या पहिल्या आठवड्यात गोव्याच्या म्हादई अभयारण्यात लागलेल्या आगी विझवायला हेलिकॉप्टरांतून पाणी टाकावे लागले होते. उन्हाने गवत आणि पाचोळा आधीच वाळलेला, त्यात देशावरचा कोरडा वारा. आपल्या बाजूला लागूनच भीमगड अभयारण्य आहे. तिथल्या बारापेडे गुहांत रॉटनचे वटवाघूळ राहते, जगात फारच थोड्या ठिकाणी सापडणारा जीव. सह्याद्रीत वीज पडून पेटलेले रान विरळा. बहुतेक वेळा काडी माणसाचीच असते, कधी नव्या गवतासाठी, कधी शिकारीसाठी, कधी नुसती सहलीला आलेल्याच्या बोटांतून सुटलेली.

जायचे ठरवलेत तर सूर्य उगवायच्या आत जांबोटी गाठा. सावरी आणि पांगारे बिनपानांचे लाल फुललेले असतील, करवंदीच्या जाळ्यांना पांढरी फुले असतील आणि त्यांचा वास गाडीची काच खाली केल्याशिवाय येत नाही. स्वयंपाक घरून करून न्या, रानात चूल मांडू नका. कणकुंबीत उतरून मुलांना कुंड दाखवा आणि हेच पाणी सौंदत्तीला जाते हे सांगा. यल्लम्माच्या डोंगरावरून धरण पाहिलेल्या मुलांचा त्यावर चटकन विश्वास बसत नाही. परतीला कड्यावर तासभर थांबा. वारा फिरला की डोक्यावरची टोपी उलट्या दिशेने उडते.