विंचवाचे बिऱ्हाड

बिऱ्हाड पाठीवर घेऊन हिंडणाऱ्यास आपल्या समाजात पूर्वी दोनच नावे होती. एक यात्रेकरू, दुसरे भणंग. आता लॅपटॉप पाठीशी बांधून गावोगाव हिंडणारा आणि जेथे बसेल तेथून पोटापाण्याचे काम करणारा असा तिसरा वर्ग उदयास आला आहे. आम्ही इंदूरचे वकील. सहा महिने थायलंडात हिंडावे आणि तेथूनच पक्षकारांचे मसुदे व अभिप्राय लिहून पाठवावेत, असे आम्ही पंचेचाळिशीत योजिले आहे.

ही रीत अगदीच नवी नव्हे. वरसईचे विष्णुभट गोडसे घरच्या कर्जाने गांजून १८५७ साली दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे निघाले, तेव्हा त्यांचाही व्यवसाय त्यांच्याबरोबरच चालत होता. मंत्र मुखोद्गत असल्यामुळे त्यांना वीज लागत नव्हती, एवढाच काय तो भेद!

आम्हांस मात्र विजेचाच घोर. वीस हजार मिलिअँपिअर-तासांची पॉवर बँक म्हणजे सुमारे ७४ वॅट-तास. विमानात १०० पर्यंतची चालते. परंतु ती हातातल्या सामानातच हवी, सोपविलेल्या सामानात नव्हे. घड्याळाची मात्र कृपा आहे. तेथील वेळ आपल्याहून दीड तास पुढे; त्यामुळे इकडे साडेदहाला कचेरी उघडेल तेव्हा तिकडे बारा वाजलेले असतील, आणि अख्खी सकाळ हिंडावयास मोकळी राहील.

परवान्याची बाब नाजूक. पर्यटकाचा व्हिसा हा काम करण्याचा परवाना नव्हे, हे पुष्कळांच्या गावीही नसते. थायलंडाने २०२४ साली अशा फिरस्त्या कामकऱ्यांसाठी निराळा व्हिसा काढला. मुदत पाच वर्षे, एका खेपेस मुक्काम १८० दिवस, आणि पदरी पाच लाख बाट असल्याचा पुरावा. सहा महिने आणि १८० दिवस बोलताना एकच वाटतात. पण जास्तीच्या प्रत्येक दिवसास ५०० बाट दंड पडू लागला, म्हणजे दोहोंतील अंतर कळते.

मागे राहणाऱ्यांची तजवीज ही खरी तयारी. मुखत्यारपत्र परदेशात लिहून दिले, तर ते भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरावा लागतो. म्हणून आम्ही ते येथेच धाकट्या बहिणीच्या नावे केले. बँक, घरपट्टी, भाडेकरू, सारे त्यात आले. आईचे निवृत्तिवेतन चालू राहावे म्हणून नोव्हेंबरात द्यावयाचा हयातीचा दाखला घरबसल्या मोबाइलवर देता येतो. तेही बहिणीस शिकविले. आईने तो कागद चष्मा लावून सबंध वाचला आणि विचारले, "सगळं आलं रे यात. पण दिवेलागणीला माझ्यापाशी येऊन बसायचं कुणी, ते कुठल्या कलमात आहे?"

मुखत्यारास आमच्या वतीने सही करता येते, भाडे घेता येते, दावाही लावता येतो. आमच्या वतीने आईपाशी बसता येत नाही. तो अधिकार हस्तांतरणीय नाही. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे, आणि कोर्टाप्रमाणे पुढची तारीख मागून घेण्याची सोय या बाबतीत कोणासच नाही.

तेव्हा १८० दिवसांची परवानगी घेऊनही आम्ही साठच दिवसांचे परतीचे तिकीट काढले आहे. व्हिसा पाच वर्षांचा आहे. उरलेला प्रवास खेपाखेपांनी होईल. साठ दिवसांसाठी कपडेही कमी लागतात, आणि पाठीवरचे ओझे त्या मानाने हलके झाले आहे.