चार स्पीकरांचा डबा

गेल्या पावसाळ्यात माझ्या धाकट्या भावाने गिटारचा जुना स्पीकर-डबा विकत आणला. अडीच फूट उंच, तेवढाच रुंद, बारा-बारा इंचांचे चार स्पीकर. दोन माणसांनी धरून तो आत आणला तेव्हा अम्मी म्हणाली, "ये कपाट किसका है?" अब्बांनी एकदा मान वर करून पाहिले आणि पुन्हा पेपरात डोके घातले.

अब्बांचे हे न बोलणे तीन वर्षांचे होते. त्यांनी सारी उमर रेडिओ आणि मंडपवाल्यांचे ॲम्प्लिफायर दुरुस्त करण्यात घालवली. मुलाने दुकान सांभाळावे ही त्यांची इच्छा. मुलगा ऑर्केस्ट्रात गिटार वाजवू लागला. "इससे पेट भरता क्या?" एवढे एकच वाक्य ते बोलले आणि विषय बंद झाला. पुढे त्यांना कंपवात जडला, हात थरथरू लागले आणि दुकानही बंद झाले. सोल्डरिंग आयर्न, मल्टिमीटर, पक्कड एका पत्र्याच्या पेटीत गेले.

मी उर्दू माध्यमाच्या हायस्कुलात विज्ञान शिकवते. एकसर जोडणी, समांतर जोडणी हा माझा हातखंडा पाठ. बी.एड.ला त्यावर पुठ्ठ्याचा सुंदर तक्ता करून शाबासकी मिळवली होती. पण खरे सांगते, सोल्डरिंग आयर्न मी कधी हातात धरले नव्हते. अब्बा मुलीला दुकानात बसू देत नसत आणि मीही कधी हट्ट धरला नाही.

डबा आणल्यानंतर दुसऱ्याच कार्यक्रमात भावाचा घात झाला. भाड्याने आणलेला ॲम्प्लिफायर अर्ध्या गाण्यात जळला. भरपाई त्याच्याच अंगावर आली. रात्री दीड वाजता तो स्वयंपाकघरात येऊन मला हळूच म्हणाला, "आपा, अब्बा को नको बोलो."

रविवारी मी पेटीतून मल्टिमीटर काढला आणि डब्याची पाठ उघडली. प्रत्येक स्पीकरवर ८ ओहम छापलेले. सॉकेटवर मात्र मीटरने १.६ दाखवले. मी वहीत गणित मांडले. आधीच्या मालकाने चारही स्पीकर समांतर जोडले होते. आठ भागिले चार, दोन ओहम. ॲम्प्लिफायर होता किमान चार ओहमचा. निम्म्या रोधामुळे त्याच्यातून झेपणार नाही इतकी वीज ओढली गेली. हेच उदाहरण मी दरवर्षी फळ्यावर घालते, मुली बरोबर उत्तर काढतात आणि आम्ही पुढच्या उदाहरणाकडे वळतो. त्या उत्तराने कोणाचा महिन्याचा पगार जातो हे फळ्यावर दिसत नाही.

"दोन ओहमचा मीटर दीड का दाखवतो?" मी स्वतःशीच पुटपुटले.

"मीटर तार का नापता है. स्पीकर पे लिखा सो चलते आवाज का है." मागून अब्बांचा आवाज आला. ते केव्हा येऊन उभे राहिले होते कोण जाणे. बरोबरच होते. आठ ओहमचा स्पीकर मीटरवर साधारण सहा-साडेसहा दाखवतो. ते खुर्ची ओढून बसले. मुलाकडे त्यांनी पाहिले नाही, डब्याकडे पाहिले.

भावाने मलाच उद्देशून आपली गरज सांगितली. कधी एकच ॲम्प्लिफायर असतो, तेव्हा चारही स्पीकर एकत्र वाजावेत. कधी त्याच्या कोरस पेडलच्या दोन तारा दोन ॲम्प्लिफायरांना जातात, तेव्हा डावे दोन वेगळे आणि उजवे दोन वेगळे वाजावेत. ही हौस नवी नाही. रोलँड कंपनीने १९७५ मध्ये काढलेल्या जेसी-१२० मध्ये दोन स्पीकरांना दोन स्वतंत्र ॲम्प्लिफायर होते. एकातून मूळ आवाज, दुसऱ्यातून किंचित हलता आवाज, आणि दोघांचे मिश्रण हवेत. लंडनच्या हॅनवेल भागात १९६० मध्ये दुकान काढणाऱ्या जिम मार्शल यांच्या कंपनीच्या डब्यांनाही असा खटका मिळतो. तिथे स्पीकर १६ ओहमचे असतात. मोनोत १६ किंवा ४ ओहम, स्टिरिओत दोन्ही बाजूंना ८-८.

आमचे स्पीकर आठचे. मी म्हटले, "प्रत्येक बाजूची जोडी समांतर करू, चार-चार ओहम होतील. आवाजही मोठा येईल."

अब्बांनी मान हलवली. "और मोनो में दोनों जोड़ी मिली तो?"

पुन्हा दोन. मी गप्प झाले.

त्यांनी मार्ग सांगितला. प्रत्येक बाजूचे दोन स्पीकर एकसर जोडायचे, सोळा ओहम. स्टिरिओत दोन्ही सॉकेटांवर सोळा-सोळा. मोनोत या दोन जोड्या समांतर, आठ ओहम. आवाज थोडा कमी मिळेल, पण खटका कसाही पडला तरी आकडा आठाच्या खाली जाणार नाही. एक दोष त्यांनी लपवला नाही. एकसर जोडीतला एक स्पीकर गेला की त्याचा सोबतीही मुका होतो.

खटका सहा पायांचा घेतला. मधल्या दोन पायांवर उजव्या जोडीच्या दोन तारा. एकीकडे टाकला की ती उजव्या सॉकेटला लागते, दुसरीकडे टाकला की डाव्या जोडीला. मोनोत उजवे सॉकेट पूर्ण सुटते, म्हणजे चुकून दोन ॲम्प्लिफायर लावले तरी ते एकमेकांवर आदळत नाहीत. "मगर व्हॉल्व्हवाला कभी खाली सॉकेट में नको लगाना," अब्बांनी बजावले. स्पीकरचा भार नसताना व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरचा ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो.

तारा जोडण्याआधी त्यांनी दीड व्होल्टचा सेल मागितला. तो स्पीकरला लावला की पडदा पुढे सरकतो. तीन पुढे आले, चौथा आत गेला. त्याच्या धन-ऋण खुणा उलट्या होत्या. तिघे ढकलत असताना एक ओढत होता. खर्ज पातळ का येतो, हे भावाला त्या क्षणी कळले.

सोल्डरिंग मी केले. पहिले तीन सांधे राखेच्या गोळ्यांसारखे झाले. "सांधे को गरम कर, रांगा अपने आप बहेगा," अब्बा सांगत होते. त्यांचे बोट हवेत थरथरत जागा दाखवत होते. एकदा तार धरायला तिसरा हात हवा होता. भाऊ पुढे झाला. अब्बांनी त्याचे मनगट धरून तार जागेवर आणली. थरथर दोघांच्याही हाताला होती.

शेवटी मीटर लावला. स्टिरिओत तेरा-तेरा, मोनोत साडेसहा. खटक्याशेजारी मी रंगाने १ आणि २ लिहिले.

आमच्या उर्दू पुस्तकात रोधाला मुज़ाहमत म्हणतात. घरात हाच शब्द विरोधासाठी वापरतात. मुज़ाहमत फार कमी झाली तरी यंत्र जळते, हे आता मी वर्गात सेल, तारा आणि एक जुना स्पीकर नेऊन शिकवते. पुठ्ठ्याचा तक्ता माळ्यावर ठेवला आहे.

त्या संध्याकाळी भावाने हलकेच वाजवून पाहिले. आधी मोनो, मग स्टिरिओ. अब्बांनी आपली खुर्ची कोपऱ्यातून उचलायला लावली आणि डब्यासमोर बरोबर मधोमध ठेवून घेतली. गाणे संपल्यावर बराच वेळ कोणी बोलले नाही. मग त्यांनी तीन वर्षांत पहिल्यांदा सरळ त्यालाच विचारले, "कल किधर है प्रोग्राम?"