यादी लागेपर्यंत

सातारा,
जुलैचा दुसरा रविवार

चि. सोनू,


फोनवर तुझा गळा दाटून आला आणि तू घाईने फोन ठेवलास, म्हणून सविस्तर लिहिते. नर्सच्या सरकारी भरतीची यादी अडकली आहे, मिरजेतली तात्पुरती नोकरी किती दिवस टिकेल याचा भरवसा नाही, आणि भेटेल तो म्हणतो, "देवाची वेळ यायची आहे." या वाक्याची चीड येते म्हणालीस. मला त्यात पाप वाटत नाही. आपल्या मंडळीत हे वाक्य फार स्वस्त झालंय. ज्याला थांबावं लागत नाही तोच ते पटकन बोलून मोकळा होतो.

तरी त्यातलं खरं सोडू नकोस. रेव्हरंड टिळकांची गाणी तू रविवारशाळेपासून म्हणत आलीस. नागपूरहून राजनांदगावला जाताना त्यांना आगगाडीत एक अनोळखी गोरा प्रवासी भेटला. त्याने नवा करार हातात दिला आणि दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं सांगितलं. टिळकांना ते काही पटलं नाही. पण वाचीन असा शब्द दिला होता म्हणून वाचायला घेतलं आणि डोंगरावरच्या प्रवचनापाशी त्यांचं मन अडकलं ते अडकलंच. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

आपण गोष्ट इथवर सांगतो आणि आमेन म्हणतो. पुढची त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंकडून ऐकावी. नवऱ्याला देवाने वाट दाखवली आणि त्याच दिवशी यांचा संसार मोडला. लहानग्या मुलाला, दत्तूला घेऊन त्या नातलगांच्या आसऱ्याने राहिल्या, लोकांचं नको नको ते ऐकून घेतलं. काही वर्षांनी दोघं एकत्र आली, तेव्हाही त्यांनी बाप्तिस्म्याची घाई केली नाही. 1900 साली तो घेतला, तो स्वतःला पटल्यावर. त्यांचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' काढून पुन्हा वाच. एकाला मार्ग सापडतो तेव्हा घरातलं दुसरं माणूस अंधारात चाचपडत असतं, आणि देव दोघांचाही असतो. तुझ्या रडण्याला कुणी अविश्वास म्हणालं तर माझं नाव सांग.

टिळक शेवटी आपल्या साताऱ्यात आले. 1917 साली मिशनचा पगार सोडून त्यांनी इथे 'देवाचा दरबार' हा भक्तसंघ मांडला. तो नीट उभा राहण्याआधीच, 9 मे 1919 ला ते गेले. त्यांचं 'ख्रिस्तायन' हे काव्यही अपुरंच राहिलं होतं. ते पुढे नेलं लक्ष्मीबाईंनी, साठाहून जास्त अध्याय लिहून! शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईने. टिळकांनी कोणत्या प्रार्थना केल्या असतील आणि त्यातली कोणती पुरी झाली, याचा हिशेब मी मांडू शकत नाही. काम थांबलं नाही एवढं मात्र दिसतं.

तुझ्या मिरजेचंही तेच. मिशनरी डॉ. वानलेस 1889 साली सांगलीत आले आणि मिरजेचं रुग्णालय उघडलं 1894 साली. मधल्या काळात छोट्या दवाखान्यात ते रोगी तपासत राहिले.

आणि बायबलमधला आपला योसेफ. तुरुंगातून सुटणाऱ्या प्यालेबरदाराला त्याने स्पष्ट सांगितलं होतं की राजाजवळ माझा विषय काढ. देवावर भरवसा होता म्हणून त्याने तोंड बंद ठेवलं नाही. प्यालेबरदार विसरला आणि पुरी दोन वर्षं गेली, तरी तुरुंगातलं काम योसेफाने टाकलं नाही. मला भरवसा म्हणतात तो हाच वाटतो. हात जोडायचे, अर्जही करायचा, आणि समोर असलेल्या रोग्याचं सलाईन वेळेवर बदलायचं. यादी कधी लागेल ते देवाने मला सांगितलेलं नाही, आणि मला कळलंय असं मी तुला खोटं सांगणार नाही. तो तुला विसरलेला नाही, एवढं मात्र मी छातीवर हात ठेवून सांगते.

तेव्हा नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीचं नूतनीकरण राहिलं असेल तर याच आठवड्यात करून घे. भरतीच्या कार्यालयात स्वतः जाऊन विचार, लेखी उत्तर माग. रात्रपाळीनंतर न जेवता झोपू नकोस. आणि पुढच्या महिन्यात दोन दिवस सुट्टी मिळाली तर सांगलीहून सकाळची एसटी धर आणि इकडे ये.

तुझी,
आत्या