लेहच्या घरांतील ऊबदार वारा

हिवाळ्यांत लडाखला जाण्याचा बेत ऐकून घरांतील वडील मंडळींनीं आम्हांस वेड्यांतच काढलें. त्यांचें फारसें चुकलें नाहीं. लेह समुद्रसपाटीपासून सुमारें 3,500 मीटर उंच. जानेवारींत रात्रीं पारा शून्याखालीं वीस अंशांच्या आसपासही उतरतो. पण दिवसां आकाश निरभ्र, आणि ऊन असें प्रखर कीं, उन्हांतील पाठ भाजावी नि सावलींतील पाऊल गारठावें!

या प्रदेशांत इंधनाचें दुर्भिक्ष. बुखारी नांवाच्या पत्र्याच्या शेगडींत लांकडें किंवा शेण्या जाळून खोली ऊबदार करावयाची, हा रिवाज. अलीकडे मात्र उन्हाकडे लोकांचें लक्ष गेलें आहे. लेहजवळील फे येथें, 1988 सालीं स्थापन झालेल्या सेकमोल या संस्थेचीं मातीचीं दक्षिणाभिमुख घरें सूर्याच्याच उष्णतेवर ऊबदार राहतात. काळी भिंत, तिच्यापुढें कांच आणि मध्यें हवेची पोकळी, ही युक्ति फेलिक्स त्रोंब यांनीं फ्रान्समधील ओदेइयो येथें 1967 सालीं घर उभारून दाखविली. तशा भिंती लडाखांतही आहेत.

आमच्या यजमानांचें घर जुनें. दक्षिणेची बैठक दुपारीं ऊबदार होई. परंतु त्यांच्या मातोश्री, मुलांच्या आबी-ले, उत्तरेकडील देवघरालगतच्या खोलींत बसत. बुखारीच्या धुरानें त्यांचा खोकला बळावे, पण ती जागा सोडावयास त्या तयार नव्हत्या. तेव्हां यजमानांनीं दक्षिणेच्या भिंतीवर बाहेरून एक लांकडी पेटी बसविली: आंत काळा रंगविलेला पत्रा, वर कांच. तापलेली हवा आपोआप वर चढून बैठकींत येते आणि खालच्या भोंकांतून गार हवा पेटींत शिरते. पण ती ऊब पलीकडल्या खोलींत कशी न्यावी? त्यासाठीं नळी व पंखा हवा. शिवाय तेथील हवा विरळ, कोंकणांतील हवेच्या सुमारें दोनतृतीयांशच दाट. तितकीच ऊब नेण्यास जवळजवळ दीडपट हवा खेळवावी लागते.

पहिल्या वर्षीं त्यांनीं पंखा बॅटरीला जोडला. सूर्य मावळला तरी तो फिरतच राहिला, आणि गारठलेल्या पेटींतील वारा रात्रभर आजीबाईंच्या अंगावर आला. त्यांनीं आठ दिवस अंथरूण धरलें. "माझें शहाणपण आईच्या जिवावर बेतलें असतें," असें सांगतांना यजमानांचा आवाज खालीं गेला.

पुढल्या वर्षीं त्यांनीं बॅटरी काढून पंखा लहानशा सोलर पॅनेललाच जोडला. ऊन चढलें कीं तो जोरानें फिरतो, ढग आला कीं मंदावतो, सूर्यास्तास थांबतो. रात्रीं हवा उलट वाहूं नये म्हणून नळीच्या तोंडाशीं पातळ कापड सोडलें आहे; आंतून वारा आला कीं तें उचलतें, एरवीं भोंकावर चिकटून बसतें.

एके दुपारीं आम्ही आजीबाईंजवळ लोण्याचा खारट चहा घेत बसलों होतों. पायांवर मंद ऊब येत होती आणि बुखारी थंड होती. ऊन डोंगराआड गेलें. पंख्याची घरघर थांबली. आजीबाईंनीं जपमाळ खालीं ठेवली, गोधडी ओढून घेतली आणि हंसून कांहींसें बोलल्या. यजमानांनीं अर्थ सांगितला, "सूर्यानें आपलें काम केलें, आतां तुमच्या लांकडांची पाळी."

बुखारी पेटली खरी. पण त्या दिवशीं लांकडें जळूं लागलीं तीं सूर्यास्तानंतर, आणि आजीबाईंचा दिवस खोकल्यावांचून गेला होता.