रिकामे पुष्पक

शिक्षकाच्या चुका बहुधा लाल शाईने लिहिलेल्या असतात. अशीच माझी एक चूक आज तुम्हांला सांगावयाची आहे.

अनेक वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा सातवीच्या वर्गाला मराठी शिकवीत असे. सहामाही परीक्षेत मी ‘विमान’ या शब्दाचा अर्थ विचारला होता. ‘माणसांना आकाशमार्गे घेऊन जाणारे वाहन’ हे उत्तर मला अपेक्षित होते आणि बहुतेक मुलांनी ते लिहिलेही होते. एका मुलाने मात्र लिहिले होते, ‘विमान म्हणजे हवेच्या आधाराने उडणारे, पंख असलेले यंत्र. त्यात माणूस असेल किंवा नसेल.’ मी त्यावर लाल रेघ ओढली आणि समासात शून्य घातले.

उत्तरपत्रिका मिळताच तो माझ्या टेबलाशी आला. भीत भीत म्हणाला, “सर, अयोध्येला पोहोचल्यावर रामाने पुष्पक कुबेराकडे परत पाठविले. तेव्हा त्यात कोणीच नव्हते. मग तेवढा वेळ ते विमान नव्हते का?”

वर्ग हसला. मीही हसलो. “पुराणातली वांगी पुराणात!” असे म्हणून मी त्याला जागेवर बसविले. तो मुकाट्याने जाऊन बसला आणि मी पुढच्या मुलाचे नाव पुकारले.

पुढे मी सेवानिवृत्त झालो. ७ सप्टेंबर २०२० रोजी एक बातमी आली. ओडिशाच्या किनाऱ्याजवळील डॉ. अब्दुल कलाम बेटावरून आपल्या शास्त्रज्ञांनी एक विनावैमानिक यान उडविले होते. अग्निबाणाने ते सुमारे ३० किलोमीटर उंच नेले. तेथे ते सुटे झाले, त्याचे स्वतःचे इंजिन पेटले आणि २० सेकंदांहून अधिक काळ ते ध्वनीच्या सहापट वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे २ किलोमीटर या गतीने, धावले. ध्वनीच्या पाचपटीहून अधिक असलेल्या अशा वेगाला ‘हायपरसॉनिक’ वेग म्हणतात.

या यानाचे इंजिनही विलक्षण होते. नेहमीच्या जेट इंजिनात हवा दाबण्यासाठी फिरती पाती असतात. या ‘स्क्रॅमजेट’ इंजिनात ती नसतात. यंत्राच्या वेगामुळेच समोरची हवा आत कोंबली जाते आणि ती इंजिनातून ध्वनीहून अधिक वेगाने वाहत असतानाच तिच्यात इंधन जाळावे लागते. म्हणूनच हे इंजिन उभ्या जागी चालू होत नाही. आधी दुसऱ्या कोणीतरी त्याला प्रचंड वेग द्यावा लागतो.

बातमी वाचून मी विचार करू लागलो. याला विमान म्हणावे की म्हणू नये? आणि एकाएकी तो मुलगा माझ्या डोळ्यांपुढे उभा राहिला.

माझे मन म्हणाले, ‘जे स्वतःच्या बळावर जमिनीवरून उठत नाही, ते कसले विमान?’ पण मग अमेरिकेच्या ‘एक्स-१५’चे काय करावयाचे? ते एका मोठ्या विमानाच्या पंखाखाली बांधून वर नेत आणि तेथून सोडून देत. त्यातूनच ३ ऑक्टोबर १९६७ रोजी विल्यम नाईट यांनी ध्वनीच्या साडेसहापटीहून अधिक वेग गाठला. त्याला तर सारे जग विमानच म्हणते. ‘मग जे परत उतरते ते विमान,’ असे मी ठरवू लागलो. पण १६ नोव्हेंबर २००४ रोजी ‘एक्स-४३ए’ हे पावणेचार मीटरांचे विनावैमानिक यान ध्वनीच्या सुमारे साडेनऊपट वेगाने उडाले आणि ठरल्याप्रमाणे प्रशांत महासागरात पडले. शेवटी समुद्रात पडले म्हणून त्याचे उडणे खोटे ठरते काय?

एकेक अट अशी गळून पडली. उरली ती एकच : हवा. फेकलेला दगडही हवेतून जातो, पण हवा त्याला तोलून धरीत नाही. अग्निबाण आपल्या ज्वाळेच्या रेट्याने वर चढतो. त्याला हवा नसली तरी चालते. घार मात्र पंख पसरून हवेवर स्वस्थ तरंगते. राइट बंधूंचे विमान १७ डिसेंबर १९०३ रोजी १२ सेकंद आणि १२० फूट उडाले, ते याच आधारावर. आणि आत माणूस हवाच, या माझ्या अटीचे काय? मी पुस्तके धुंडाळली, तेव्हा कळले की १९४४ साली शिकागो येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय करारातच वैमानिकाविना उडणाऱ्या विमानांसाठी स्वतंत्र कलम आहे. जगाने जे केव्हाच मान्य केले होते, त्यालाच मी शून्य दिले होते.

तरीही एक शंका उरली. पंख आणि जेट इंजिन असलेली क्षेपणास्त्रेही हवेच्याच आधाराने उडतात. त्यांनाही विमान म्हणावयाचे काय? येथे निवाडा पंखांवरून होत नाही. तो पाठविणाऱ्याच्या हेतूवरून करावा लागतो. यंत्राच्या आत माणूस नसला, तरी यंत्राच्या मागे माणूस असतोच. पुष्पक रिकामे होते. पण ज्याचे त्याला परत करावे, ही रामाची आज्ञा घेऊन ते निघाले होते.

गेल्या दिवाळीत तो विद्यार्थी मला भेटावयास आला. आता त्याच्या केसांत एखादा पांढरा केस दिसतो. मी म्हणालो, “बाळ, तुझे दोन गुण माझ्याकडे राहिले आहेत. तुझे उत्तर बरोबर होते.”

तो हसला. थोड्या वेळाने म्हणाला, “सर, गुण मी केव्हाच विसरलो. पण त्या दिवसानंतर मी वर्गात कधी हात वर केला नाही.”

मला काही बोलता येईना. दोन गुण परत देता येतात. पण त्याच्या मनात आलेले आणि ओठांवर न आलेले किती प्रश्न माझ्या त्या हसण्याने हरवले असतील, ते मी कोठून परत आणू?

मुलांनो, शब्दांचे अर्थ पाठ करा. पण जग पुढे गेले म्हणजे ते पुन्हा तपासूनही पाहा. तुमच्या मनात प्रश्न आला, तर हात वर करा. आणि दुसऱ्याने हात वर केला, तर हसू नका.