समुद्रातला मठ

आयर्लंडच्या नैर्ऋत्य टोकापासून सुमारे १२ किलोमीटरवर, ऐन अटलांटिक महासागरात एक सुळका उभा आहे. त्याचे नाव स्केलिग मायकेल. उंची २१८ मीटर. त्यावर झाड म्हणून नाही. अशा ठिकाणी सहाव्या ते आठव्या शतकाच्या दरम्यान केव्हातरी काही ख्रिस्ती साधू होडीतून आले आणि मठ बांधून राहिले. पुढे बाराव्या-तेराव्या शतकाच्या सुमारास मठ किनाऱ्यावर हलला. मागे उरले ते दगड.

मुलगी डब्लिनला असते. तिच्या आग्रहाने जूनमध्ये आम्ही पोर्टमॅगी गावातून लाँचमध्ये बसलो. समुद्र खवळला की लाँच सुटतच नाही. त्या दिवशी तो प्रसन्न होता. वाटेत धाकटे स्केलिग लागते. तिथे गॅनेट पक्ष्यांची इतकी दाटी, की खडक चुन्याने सारवल्यासारखा पांढरा दिसतो!

मठापर्यंत दगडी पायऱ्या आहेत ६१८. कठडा नाही, एका अंगाला खोल समुद्र. शेजारी बिळाच्या तोंडाशी रंगीत चोचीचे पफिन पक्षी गंभीर मुद्रेने बसलेले, जणू जकातनाक्यावरचे कारकूनच! मुलगी म्हणाली, ''बाबा, दमलात तर इथेच बसा.'' मी कसला बसतो!

मला वर जायचे होते, त्याला कारण होते. आमचे थोरले काका ऐन तिशीत घर सोडून गेले. हिमालयात गेले, असे कुणी सांगे. काकूने अखेरपर्यंत कुंकू लावले आणि रोज रात्री एक भाकरी जास्त केली. सकाळी ती आम्ही मुले दुधात कुस्करून खात असू. तेव्हापासून विरक्त माणसांविषयी माझ्या मनात अढी आहे. ईश्वर भेटायला घरच्यांना टाकून कशाला जावे लागते, हे मला कधीच उमगले नाही.

वर पोचलो. मधमाश्यांच्या पोवळ्यासारख्या सहा झोपड्या, चुना न वापरता नुसत्या दगडावर दगड रचून वर मिटत नेलेल्या. बाहेरून गोल, आतून चौकोनी. हजार-बाराशे वर्षांचा पाऊस अंगावर घेऊनही उभ्या आहेत. जवळच प्रार्थनेच्या दोन खोल्या, पावसाचे पाणी साठवायच्या टाक्या, भाजीपाल्यापुरती वाफ्याची जागा आणि लहानशी दफनभूमी. कान्हेरीच्या टाक्या मला आठवल्या. एकांत शोधणाऱ्यालाही आधी पाण्याची सोय पाहावी लागते!

एका झोपडीत वाकून शिरलो. आत अंधार, गारवा आणि विलक्षण शांतता. मनात आले, इथे डझनभर माणसे राहत असतील, तर पाणी कोण आणी? आजाऱ्याच्या उशाशी कोण बसे? ८२४ साली व्हायकिंग चाच्यांनी येथील एटगल नावाच्या साधूला पळवून नेले आणि तो भुकेतहानेने मेला, अशी जुन्या बखरीत नोंद आहे. त्या रात्री मागे राहिलेल्यांनी वाट पाहिली नसेल? घर सोडून आलेली ही माणसे समुद्राच्या मधोमध पुन्हा घरच मांडून बसली होती.

काकांना मी क्षमा केली, असे मात्र म्हणणार नाही. तो अधिकार काकूचा होता, आणि ती कधीच गेली.

उतरणे चढण्याहून अवघड होते. पाऊल टाकण्याआधी मी दगड चाचपून पाही. एकही डगमगत नव्हता. ज्यांनी हे दगड बसवले, ते जग सोडून आले होते खरे. पण मागून येणाऱ्याचा पाय घसरू नये, एवढी काळजी त्यांनी सोडली नव्हती. मुलीने हात पुढे केला. मी तो धरला.